स्वतःची नाडी स्वतः तपासणे : गती आणि ताल

प्रस्तावना :
‘शार्ङ्गधरसंहिता’ या ग्रंथात अंगठ्याच्या मुळाशी स्पंदन पावणाऱ्या नाडीचे वर्णन असून तिच्या चालीला साप, बेडूक, हंस इत्यादींच्या गतीची उपमा दिलेली आहे. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर या वैद्याने इ. स. १७०७ मध्ये एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाच्या साहाय्याने नाडीचे ठोके मोजण्याची पद्धत मांडली. पहिल्या परंपरेचा भर चालीवर, तर दुसरीचा संख्येवर होता. आज यंत्रावरील आकडा पाहून आपण समाधान मानतो आणि ताल दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांनी नाडी कशी तपासावी, याचे विवेचन केले आहे.

तपासण्याची पद्धत :
हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर धमन्यांतून दाबाची एक लहर जाते. तीच नाडी होय. चहा, कॉफी, तंबाखू किंवा जिने चढणे यानंतर लगेच नाडी पाहू नये. पाच मिनिटे शांत बसून तळहात वर करावा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूचे हाड आणि त्यालगतचा स्नायुबंध यांमधील खोलगट जागी दुसऱ्या हाताची तर्जनी व मध्यमा हलकेच टेकवावी. अंगठा वापरू नये, कारण त्याच्या स्वतःच्या स्पंदनाने गफलत होऊ शकते. जोराने दाबल्यास नाडी लुप्त होते. ज्या ठोक्याला घड्याळ सुरू केले तो ‘शून्य’ धरावा. ताल नियमित असल्यास ३० सेकंदांतील ठोक्यांची दुप्पट करावी. अनियमित असल्यास पूर्ण ६० सेकंद मोजावे. मानेवरील नाडी पाहताना दोन्ही बाजू एकाच वेळी कदापि दाबू नयेत.

निरीक्षणांचा अर्थ :
प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके सामान्य मानले जातात. नियमित व्यायाम करणाऱ्यांत, तसेच बीटा-ब्लॉकर औषधे घेणाऱ्यांत ते ६० हून कमी आढळू शकतात. ज्वर, रक्तक्षय वा थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता यांत गती वाढते.

तालाचे महत्त्व याहून कमी नाही. श्वास घेताना गती किंचित वाढणे व सोडताना मंदावणे, हे विशेषतः तरुणांत स्वाभाविक असते. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणेही बहुधा निरुपद्रवी असते. परंतु ठोक्यांमध्ये कोणताच क्रम नसल्यास ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकाराची शंका घ्यावी. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात, तेथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. मात्र रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी तो पुष्कळ कमी करता येतो. अनेक रुग्णांना कोणतेही लक्षण जाणवत नाही, म्हणूनच बोटांनी टिपलेली अनियमितता मोलाची ठरते.

मर्यादा :
निदान ईसीजीनेच होते. हा विकार येऊन-जाऊन असू शकतो; त्यामुळे एकदा नियमित आढळलेली नाडी निर्वाळा देत नाही. तसेच दुर्बल ठोके मनगटापर्यंत न पोहोचल्याने मोजलेली संख्या हृदयाच्या प्रत्यक्ष ठोक्यांपेक्षा कमी भरू शकते. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे यांसारखी लक्षणे असल्यास नाडी मोजण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

समारोप :
दिनांक, वेळ, ठोके आणि ताल अशा चार रकान्यांची नोंद ठेवल्यास स्वतःची नेहमीची नाडी परिचित होते आणि तिच्यातील बदल वेळीच लक्षात येतो. वैद्यकीय सल्ला घेताना ही नोंद सोबत न्यावी. त्यातील चौथा रकाना रिकामा सोडू नये.