उघाडीतून मीठ जाते, खतही जाते : खार जमिनीतील चरांच्या पाण्याची मोजणी

खाडीकाठच्या खार जमिनीतून पाणी बाहेर सोडले नाही, तर क्षार साचतात. चुकीच्या दिवशी सोडले, तर युरिया खाडीत जातो. खाचराचे तोंड कधी उघडायचे आणि कधी बंद ठेवायचे, हे ठरवण्यासाठी चरातील पाण्याची क्षारता आणि नत्र ही दोन्ही एकत्र मोजावी लागतात. ही मोजणी फार खर्चिक नाही. मात्र नमुन्याची जागा किंवा वेळ चुकली, तर आकडा फसवतो.

उलवे परिसर आणि पाण्याची वाट

पनवेल तालुक्यातील उलवे परिसर खाडीकाठचा. इथली बरीच भातशेती नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोच्या भूसंपादनात गेली. पुढे विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. तरीही पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांच्या खाडीकाठी खारबांधाच्या आत भाताची खाचरे आहेत.

या जमिनीची रचना सगळीकडे साधारण सारखी असते. बाहेर खाडी, मध्ये खारबांध, बांधात उघाडी, आत मुख्य चर आणि त्याला मिळणारे खाचरांचे छोटे चर. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप उघडते. भरतीला बाहेरच्या दाबाने ती मिटते. अशा जमिनींच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७९ चा खार जमीन विकास अधिनियम आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच असून, क्षार सहन करणारे पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे भाताचे वाण तिथलेच.

वरच्या अंगाने पाणी आणणारे नाले आता फक्त शेतातून येत नाहीत. वाढत्या वस्तीचे सांडपाणीही त्यात मिसळते. म्हणून उघाडीजवळच्या पाण्यात नत्र सापडले, म्हणजे ते शेतातूनच आले असे धरता येत नाही.

मीठ आणि खत एकाच वाटेने

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. खार जमिनीचा खरा मित्र हाच पाऊस. जून-जुलैच्या सरींनी जमिनीतील क्षार विरघळतात आणि पाणी बदलत राहिले की बाहेर पडतात. सामान्य भातवाणांत मुळाशी असलेल्या जमिनीची क्षारता ३ डेसी सायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटू लागते. कोवळे रोप आणि फुलोरा या दोन अवस्था सर्वांत नाजूक असतात.

हिशेब असा मांडता येतो. एक एकर खाचरातून १० सेंटिमीटर पाणी बाहेर सोडले, तर सुमारे ४ लाख लिटर पाणी जाते. त्याची विद्युत वाहकता (ईसी) ४ असेल, तर त्यासोबत साधारण १ टन क्षार बाहेर पडतात. वाहकता १ वर आली असेल, तर तेवढ्याच पाण्यातून पाव टन क्षार जातात. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला सोडलेले पाणी जास्त काम करते.

आता खत पाहू. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचे असेल, तर एकरी ४० किलो होते. त्यापैकी ४० टक्के लावणीच्या वेळी दिले, तर १६ किलो नत्र, म्हणजे सुमारे ३५ किलो युरिया. १० सेंटिमीटर उभ्या पाण्यात हा युरिया फेकला आणि तो सगळा पाण्यातच राहिला असे धरले, तर दर लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र होते. दुसऱ्या दिवशी मोठी सर आली आणि तोंड उघडे राहिले, तर त्या हप्त्याचा मोठा भाग चरात उतरतो.

थोडक्यात, क्षार धुण्याचे काम खत देण्याआधी उरकायचे आणि खत दिल्यावर पाणी अडवायचे. हे बोलायला सोपे आहे. धुणे पुरे झाले की नाही, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

काय मोजावे?

- विद्युत वाहकता : हातात धरायच्या ईसी मीटरने जागेवरच मोजता येते. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते. चरातील पाण्याचा आकडा म्हणजे जमिनीतील क्षारतेचा आकडा नव्हे. तो वाढतो आहे की उतरतो आहे, हे पाहावे.
- अमोनियम : पाणी साचलेल्या भातखाचरात प्राणवायू कमी असल्याने नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात असते. त्यामुळे फक्त नायट्रेटची पट्टी बुडवून ‘नत्र नाही’ असा निष्कर्ष काढू नये.
- नायट्रेट : खाचर सुकून पुन्हा भिजले की, तसेच भाजीपाल्याच्या किंवा वाल-पावट्याच्या शेतातून येणाऱ्या चरात नायट्रेट महत्त्वाचे ठरते.
- एकूण नत्र : युरिया टाकल्यावर पहिले एक-दोन दिवस तो युरियाच्याच रूपात पाण्यात असतो. तो अमोनियमच्या चाचणीत दिसत नाही, नायट्रेटच्याही नाही. त्या दिवसांचा नमुना प्रयोगशाळेत देऊन केल्डाल पद्धतीने नत्र तपासून घ्यावे.
- स्फुरद : स्फुरद मातीच्या कणांना चिकटून जाते. चिखलणीनंतरच्या गढूळ पाण्यात ते जास्त असते. गाळलेल्या पाण्यातील विरघळलेले स्फुरद आणि न गाळलेल्या पाण्यातील एकूण स्फुरद वेगवेगळे मागावे.

पालाश खार जमिनीत बहुधा पुरेसे असते. त्यासाठी चराचे पाणी तपासण्यापेक्षा माती परीक्षण करावे.

नमुना कुठून घ्यावा?

नेदरलँड्समध्ये समुद्रसपाटीखालच्या शेतीचा निचरा चर आणि पंपांवर चालतो. तिथे शेतीचा परिणाम मोजण्यासाठी मोजणीची ठिकाणे निवडताना सांडपाण्याचा किंवा कारखान्याचा संबंध नसलेले चर घेतात. उलवे-पनवेल पट्ट्यात हे सूत्र अधिकच गरजेचे आहे. तीन जागा ठरवाव्यात आणि हंगामभर बदलू नयेत.

१. वरची जागा : नाला आपल्या शेतात शिरण्यापूर्वी. इथले नत्र आपले नाही.
२. मधली जागा : आपल्या खाचरांचा चर मुख्य चराला मिळण्यापूर्वी. आपल्या खताचा खरा हिशेब इथे लागतो.
३. खालची जागा : उघाडीच्या आतल्या बाजूला. इथे सगळ्यांचे पाणी एकत्र येते.

वरच्या आणि मधल्या जागेच्या आकड्यांतील फरक म्हणजे शेताचा वाटा. वरच्या जागेलाच अमोनियम जास्त असेल, तर सांडपाण्याची शंका घ्यावी. असे पाणी खाचरात घेत असाल, तर पिकाला त्यातूनही नत्र मिळते. खताचा हप्ता ठरवताना ते लक्षात घ्यावे, नाहीतर भात माजतो आणि लोळतो. सांडपाण्यात रोगजंतू असतात, म्हणून नमुना घेताना हातमोजे वापरावेत.

कधी घ्यावा?

खालच्या जागेचा नमुना नेहमी ओहोटीला, उघाडीतून पाणी बाहेर वाहू लागल्यावर अर्ध्या-एक तासाने घ्यावा. भरतीच्या वेळी झिरपलेले खाडीचे पाणी चरात असते. तेव्हा क्षारता खोटी वाढते आणि नत्राचा आकडा खाडीच्या पाण्यामुळे बदलतो. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून ‘रोज सकाळी आठ वाजता’ असा नियम इथे चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात झडप गळते का, हे ईसी मीटरने वेगळे पाहून ठेवावे.

हंगामातील वेळापत्रक असे ठेवावे :

- चिखलणीपूर्वी दर चार-पाच दिवसांनी फक्त क्षारता.
- लावणीच्या खतापूर्वी एकदा सर्व चाचण्या. हा आपला पायाभूत आकडा.
- खताच्या प्रत्येक हप्त्यानंतर पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी नत्र.
- मोठ्या पावसानंतर पाणी बाहेर पडू लागताच एकदा.
- बांधाला खांड पडली किंवा उधाणाचे पाणी आत आले, तर लगेच क्षारता.

नमुना घेण्याची पद्धत

एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्यावी. ती साबणाने धुऊ नये. काही साबण-पावडरींत फॉस्फेट असते. चराच्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी. प्रवाहाच्या मध्यभागी, पृष्ठभागाखाली साधारण वीतभर बुडवून, तोंड प्रवाहाकडे करून भरावी. तळाचा गाळ ढवळू नये. बाटलीवर जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि शेवटचे खत कधी दिले, हे लिहावे. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. उन्हात राहिलेल्या बाटलीत नत्राचे रूप बदलते.

प्रयोगशाळेला पाण्याची क्षारता आधीच सांगावी. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे नायट्रेटच्या काही पद्धती चुकीचा आकडा देतात. बाजारातील पट्ट्या वापरताना त्या खाऱ्या पाण्यासाठी चालतात का, हे वेष्टनावर पाहावे. पाणी कुठे तपासून मिळेल, याची चौकशी रोहा येथील किल्ल्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पनवेलच्या संशोधन केंद्रात करता येईल.

अहवाल कसा वाचावा?

पहिली चूक एककांची होते. काही अहवाल ‘नायट्रेट’ देतात, काही ‘नायट्रेट-नत्र’. नायट्रेटच्या आकड्याला ४.४३ ने भागले की नत्र मिळते.

दुसरी चूक मर्यादेची. भारतात पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशात ५० मिलिग्रॅमचा आकडा आहे. चराचे पाणी या मर्यादेत आले, म्हणजे खत वाया जात नाही असे नव्हे. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. एकरातून १० सेंटिमीटर असे पाणी गेले, तर ४ किलो नत्र, म्हणजे जवळपास ९ किलो युरिया गेला.

सोपे सूत्र : एक एकर, १० सेंटिमीटर पाणी आणि दर लिटरला १ मिलिग्रॅम नत्र, म्हणजे ४०० ग्रॅम नत्राची घट. किती पाणी गेले, हे पाहण्यासाठी खाचरात सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवावी आणि तोंड उघडण्यापूर्वी व बंद केल्यावर पातळी लिहावी.

आकड्यावरून निर्णय

- क्षारता जास्त, नत्र कमी : पाणी सोडावे, पावसाचे गोडे पाणी भरावे, पुन्हा सोडावे. खत थांबवावे.
- क्षारता कमी, नत्र जास्त : तोंड बंद ठेवावे. जोरदार पावसाचा इशारा नसेल तर किमान आठवडाभर पाणी अडवावे. बांध पुरेसा उंच असेल, तर मध्यम सर आतच जिरते.
- दोन्ही जास्त : खत दिल्यावर खांड पडली की असे होते. रोप किंवा फुलोऱ्याची अवस्था असेल, तर आधी पीक वाचवावे, म्हणजे पाणी सोडावे. गेलेल्या नत्राचा अंदाज घेऊन क्षारता उतरल्यावर लहान हप्ता द्यावा.
- दोन्ही कमी : नेहमीचे पाणी व्यवस्थापन चालू ठेवावे. पाने पिवळी दिसत असतील, तर पुढचा हप्ता लांबवू नये.

पुढच्या हप्त्यांत घट कमी करण्यासाठी नत्र एकदम न देता ४० टक्के लावणीला, ४० टक्के फुटव्यांच्या वेळी आणि २० टक्के लोंबी धरताना द्यावे. युरिया देण्यापूर्वी पाण्याची पातळी उतरवावी. मात्र खार जमिनीत खाचर पूर्ण सुकू देऊ नये. सुकताना खालचे क्षार वर येतात. पाण्याचा पातळ थर राखून खत द्यावे आणि एक-दोन दिवसांनी पातळी वाढवावी.

लावणी ओळीत असेल, तर युरिया-डीएपी ब्रिकेट अधिक चांगल्या. चारसूत्री पद्धतीत १५-२५ सेंटिमीटरच्या जोड ओळींत चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. गुंठ्याला ६२५ ब्रिकेट लागतात. खत चिखलात राहत असल्याने वरच्या पाण्यात ते कमी उतरते. फेकलेला युरिया आणि ब्रिकेट यांची दोन खाचरे शेजारी ठेवून तिसऱ्या दिवशी दोन्हींचे पाणी तपासले, तर फरक स्वतःच पाहता येतो.

चराच्या टोकाला मासळी

खाचराला लागून जिताड्याचे तळे असेल, तर ही मोजणी आणखी महत्त्वाची. नत्र आणि स्फुरद वाढले की शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री तोच वापरते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, तर प्राणवायू संपत आल्याची ती खूण. शिवाय दाट शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू चढतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे एक टक्काच माशांना विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की जवळपास निम्मा. खत दिल्यानंतरच्या आठवड्यात चराचे पाणी तळ्यात घेऊ नये.

नोंदवही ठेवा

तारीख, ओहोटीची वेळ, पाऊस, खत, पाण्याची पातळी, क्षारता आणि नत्र असे सात रकाने पुरेत. एका उघाडीवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांनी खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाला एकेक चाचणी परवडते. खालच्या खाचराला पाणी सोडायचे असते तेव्हा वरच्याने नुकतेच खत दिलेले असते. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा खताचे दिवस एकत्र ठरवणे फायद्याचे. दोन हंगामांच्या नोंदी हाती आल्या, की आपल्या शेतातील क्षार किती पावसानंतर उतरतात आणि युरियाच्या गोणीतले किती नत्र पिकाला न मिळता चरात जाते, हे आपल्याच आकड्यांवरून कळते.