आठ बाय चारची चिरफाड

घरात फर्निचरचे काम निघाले की पहिल्या दिवशी टेम्पोतून प्लायच्या शीट उतरतात आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. लॅमिनेटचा रंग, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल यांवर घरमालक तासन्‌तास बोलतो. शीट कशाने कापणार, हे मात्र मिस्त्रीला कोणी विचारत नाही. कपाटाचे दार पुढे गुण्यात बसते की नाही, कडेची पट्टी टिकते की सुटते, हे तर तिथेच ठरते.

प्लायवूड कापणे अवघड का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. ओंडका फिरवत सोलून काढलेले पातळ पापुद्रे एकावर एक असे चिकटवतात की प्रत्येक थराचे तंतू खालच्या थराला आडवे येतात. त्यामुळे शीट फाटत नाही आणि फुगतही नाही, पण करवत कोणत्याही दिशेने चालवली तरी निम्मे थर आडवेच कापावे लागतात. वरचा पापुद्रा तर कागदासारखा पातळ असतो. पाते त्याला आडवे गेले की ढलप्या निघतात. थरांमधला गोंद वाळल्यावर कडक होतो आणि साध्या पोलादी पात्याची धार खातो, म्हणून टंगस्टन कार्बाइडची टोके बसवलेले टीसीटी पातेच लागते.

आपल्याकडच्या प्लायला एक वेगळा इतिहासही आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि ईशान्येकडील प्लायवूड कारखान्यांचे कंबरडे मोडले. पुढच्या काळात हरियाणातील यमुनानगर परिसरात, शेताच्या बांधावरच्या पॉप्लर आणि निलगिरीवर हा धंदा वाढला. बांधावरची झाडे वापरली जाणे चांगलेच. पण स्वस्त मालात आतले पापुद्रे तुकडे जोडून भरलेले असतात. कुठे पोकळी राहते, कुठे एक तुकडा दुसऱ्यावर चढतो. अशी शीट कितीही उत्तम यंत्रावर कापा, कडेला भोक दिसणारच. म्हणून खरेदी करताना आयएस 303 किंवा मरीन प्लायचा आयएस 710 हा शिक्का बघावा आणि शीटच्या चारही कडाही नीट बघाव्यात.

आता यंत्रांकडे वळू. हातात धरून चालवायच्या विजेच्या गोल करवतीचा आजचा घाट अमेरिकेत 1920च्या दशकात एडमंड मिशेल याने घडवला. ऊस तोडणाऱ्यांचे कोयते पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. लाकूडकामासाठी तिचा सर्रास चालणारा आकार सात इंची आहे. आपल्या साइटवर मात्र राज्य आहे ते चार इंची कटरचे. हे यंत्र मुळात फरशी कापण्यासाठी आले. त्याला लाकडाचे पाते लावले की 18 मिलिमीटरची शीट आरामात कापली जाते, किंमत कमी, पिशवीत मावते. पण ते मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्या घेते आणि त्याचा तळ अरुंद असतो. त्यामुळे आठ फुटांची सरळ रेष नुसत्या हाताने काढणे म्हणजे दैवावर भिस्त.

यावर मिस्त्री मंडळींनी काढलेला तोडगा कुठल्याही साइटवर दिसतो. प्लायच्या तुकड्याला खाच पाडून घोड्यावर ठेवतात, खालून कटर उलटा स्क्रूने आवळतात, स्विच चालू ठेवून चिकटपट्टीने बांधून टाकतात आणि बोर्डावरच्या बटणाने यंत्र सुरू-बंद करतात. बाजूला एक सरळ पट्टी ठोकली की झाले टेबल सॉ. जुगाड हुशारीचे आहे आणि काम झटपट उरकते. पण वरचे झाकण निघालेले असते, पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पाचर नसते आणि काही अडकले तर बोट पात्याशी असते, बटण हाताशी नसते. याहून वाईट म्हणजे ग्राइंडरला दातेरी पाते लावणे. ग्राइंडरला टेकायला तळच नाही. पाते अडकले की यंत्र सरळ अंगावर येते.

जिगसॉचा जन्म स्वित्झर्लंडचा. सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान याने 1946 मध्ये बायकोच्या शिलाई यंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले, ही त्याची प्रसिद्ध कथा. सिंकसाठी, शेगडीसाठी ओट्याच्या फळीत खिडकी पाडायची असेल किंवा कडेला गोलाई द्यायची असेल, तर याला पर्याय नाही. लांब सरळ कापाला मात्र ते वापरू नये. जाड शीटमध्ये पाते खालच्या बाजूला वाकते आणि वरून सरळ दिसणारी कड गुण्यात राहत नाही.

कारखान्यात काम चालते ते सरकत्या टेबलाच्या पॅनेल सॉवर. विल्हेल्म आल्टेनडोर्फ याने 1906 मध्ये जर्मनीत सरकत्या टेबलाची कल्पना आणली. इथे पाते जागेवर राहते आणि शीट सरकते. मुख्य पात्याच्या पुढे एक छोटे पाते उलट फिरत खालच्या पृष्ठभागावर मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल रेघ मारते, म्हणून दोन्ही बाजूंना लॅमिनेट असूनही टवका उडत नाही. साइटवर याच्या जवळपास जाणारे साधन म्हणजे ट्रॅक सॉ. ॲल्युमिनियमची पट्टी शीटवर ठेवायची आणि करवत तिच्या खाचेतून ढकलायची. पट्टीची रबरी कड थेट रेषेवर बसते आणि पापुद्रा दाबून धरते.

या सगळ्या यंत्रांना एकच नियम लागू आहे. दाता जिथून बाहेर पडतो, तिथे ढलपी निघते. हातातल्या गोल करवतीचे आणि साध्या जिगसॉचे दाते खालून वर येतात, म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवायची. टेबल सॉवर दाते वरून खाली जातात, तिथे दर्शनी बाजू वर. म्हणजे कटर टेबलाखाली उलटा बसवला की शीटही उलटायची. रेषेवर मास्किंग टेप लावणे किंवा सुरीने आधी चीर मारणे हे उपाय खरोखर चालतात.

दात्यांचा हिशेबही सोपा आहे. सात इंची पात्याला 24 दाते असतील तर ते जाड लाकूड भराभर फाडण्यासाठी. प्लायला 40 हवेत, 60 असतील तर उत्तम. लॅमिनेट चढवलेल्या शीटला सपाट आणि कोपरे तासलेला असे आळीपाळीने दाते असलेले पाते लागते. पात्याच्या चिरेची रुंदी साधारण एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर. चार फुटांच्या रुंदीतून फूटभराच्या चार पट्ट्या काढताना तीन कापांत नऊ मिलिमीटर भुसा होतो. आधीच सगळ्या रेषा मारून ठेवल्या तर शेवटची पट्टी आखूड भरते. एक कापावी, मग पुढची मापावी.

अपघाताचे मूळ बहुधा आधारात असते. अठरा मिलिमीटरची शीट 30 ते 40 किलोंची. ती दोन टोकांना स्टुलांवर ठेवून मधोमध कापली की दोन्ही भाग आत झुकतात, चीर मिटते, पाते चिमटीत सापडते आणि करवत मागे उसळते. कापाच्या दोन्ही बाजूंना रीप हवी, किंवा शीट जमिनीवर जाड थर्माकोलवर आडवी टाकावी. पाते शीटच्या खाली पाच-सहा मिलिमीटरच डोकवावे. हातमोजे मात्र नकोत, पाते त्यांना हातासकट ओढते. अमेरिकेत स्टीव्ह गास याने 1999 मध्ये अशी यंत्रणा शोधली, की बोटाचा स्पर्श होताच पाते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते. आपल्या साइटवर अजून तरी भरवसा सवयीवरच ठेवावा लागतो.

भुशाकडे तर कोणी बघतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली. प्लायच्या गोंदातले फॉर्मल्डिहाइड 2004 मध्ये त्याच गटात गेले. बंद फ्लॅटमध्ये दिवसभर कटर चालवणाऱ्या पोऱ्याच्या तोंडाला रुमाल असतो. त्याला चांगला मास्क आणि यंत्राला व्हॅक्यूमची नळी देणे ही चैन म्हणता येणार नाही.

मग घ्यावे काय? वर्षाकाठी दोन-चार शीटचे हौशी काम असेल तर मोठे काप दुकानातल्या मशीनवरच करून घ्यावेत. अनेक प्लायवाले माप दिले की कापून देतात. घरी एक जिगसॉ आणि सात इंची करवत पुरते. साइटवरच्या मिस्त्रीने उलट्या कटरऐवजी सात इंची करवत, सरळ कडेची फळी आणि दोन क्लॅम्प वापरून पाहावेत. जमल्यास ट्रॅक सॉ घ्यावा. रोज दहा शीट पडत असतील तर पॅनेल सॉला पर्याय नाही. पैसे कमी पडले तर आधी पाते चांगले घ्यावे, मग आधार आणि सरळ पट्टीची सोय करावी, मोटर शेवटी. बोथट पाते दमदार मोटरला लावले, तर ते प्लाय फक्त अधिक वेगाने खराब करते.