एकाचे दोन दिसले की चष्मा बदलायचा?

समोरून येणारी एक रिक्षा दोन दिसू लागली, की बहुतेकांना पहिली शंका येते ती नंबर वाढल्याची. ती खरी की खोटी, हे घरीच बघता येतं. आधी एक डोळा झाका, मग दुसरा. कोणताही एक डोळा झाकल्यावर जादाची प्रतिमा नाहीशी होत असेल, तर बिघाड दोन डोळ्यांच्या ताळमेळात आहे आणि नवा चष्मा हे त्याचं उत्तर नव्हे. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील, तर मोतीबिंदू किंवा नंबर यांच्याकडे संशय जातो.

ताळमेळ बिघडला, की ‘डोळ्याला लकवा मारला’ असं सरसकट म्हटलं जातं. डोळा इतकं मोघम बोलत नाही. प्रत्येक डोळा सहा स्नायूंवर फिरतो आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्यांपैकी तीन जोड्या ते चालवतात. सहाव्याकडे डोळा कानाच्या बाजूला नेणारा एकच स्नायू, चौथ्याकडे एक तिरकस स्नायू, बाकी चारही तिसऱ्याकडे. शिवाय पापणी उचलणं आणि बाहुली आकसणं ही कामंही तिसऱ्याचीच.

म्हणून डॉक्टर ‘बोटाकडे बघा’ म्हणत बोट चहूकडे फिरवतात. रुग्णाला हा पोरखेळ वाटतो; थेट एमआरआय का नाही, असं तो विचारतो. पण एमआरआयमध्ये नेमकं काय शोधायचं, हे त्या बोटावरच ठरतं. उजवीकडे बघताना प्रतिमा सर्वाधिक फाकल्या आणि उजवा डोळा बाहेर सरकलाच नाही, तर संशय उजव्या सहाव्या मज्जातंतूवर. तिथेही घाई नको. डोकेदुखीबरोबर हा मज्जातंतू दुबळा झाला, तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो आणि मूळ दुखणं भलतीकडेच असतं. ब्रिटिश डॉक्टर जेम्स कॉलियर यांनी अशा फसव्या खुणांवर 1904 मध्येच लिहून ठेवलंय.

चौथा सर्वांत बारीक आणि मेंदूच्या मागून लांब वळसा घेऊन येणारा. दुचाकीवरून पडून डोक्याला मार बसला, की तो सहज दुखावतो. मग प्रतिमा एकीवर एक दिसतात, वाचताना आणि जिना उतरताना जास्तच. त्या जुळाव्यात म्हणून माणूस नकळत मान उलट खांद्याकडे कलती धरतो आणि उपचार मात्र मानेवर होत राहतात. मान अधू डोळ्याच्या बाजूला झुकवायला लावली, की तो डोळा वर चढतो. मार्शल पार्क्स यांनी 1958 मध्ये मांडलेल्या तीन पायऱ्यांच्या तपासणीतली ही शेवटची पायरी.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज तिसऱ्याबद्दलचा: ‘शुगरमुळे झालंय, आपोआप जाईल.’ मधुमेहात मज्जातंतूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. बाहुली बहुधा शाबूत राहते आणि साधारण तीन महिन्यांत डोळा सुधारतो, हे खरंच. पण बाहुलीचे तंतू मज्जातंतूच्या पृष्ठभागावरून जातात; बाहेरून दाब आला, की आधी तेच दबतात. पापणी पडलेली, डोळा खाली-बाहेर वळलेला आणि बाहुली मोठी, असं दिसलं तर मेंदूतल्या धमनीला फुगा आला असण्याची भीती असते. तो फुटू शकतो, म्हणून रक्तवाहिन्यांचा स्कॅन त्याच दिवशी हवा. दुखतंय की नाही, यावरून निवाडा करू नये. दोन्हींत दुखू शकतं.

चेहऱ्याच्या लकव्याने पापणी पडते, हाही घोटाळाच. तो सातवा मज्जातंतू. त्यात डोळा मिटत नाही.

आणि पापणी पडली म्हणजे मज्जातंतूच गेला, असंही नाही. सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड होणारी पापणी मायस्थेनियाची असू शकते. त्यात मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. मण्यारीचं विषही तिथेच घाव घालतं आणि तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पोटदुखी आणि मिटत चाललेल्या पापण्या घेऊन उठला, तर मांत्रिकाची वाट धरू नका. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा.