खाणीतला पक्षी आणि कोळशाची चित्रे

माझ्यासारख्या युनियनच्या माणसाने चित्रकलेवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. कलेची शाळा मी पाहिलेली नाही. परंतु ज्या चित्रकाराविषयी सांगणार आहे तो आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातला आहे, आणि त्याचा विषय माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

राजुऱ्याजवळच्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ चा. घराणे खाणकामगारांचे. खैरागड व बडोदा येथे त्यांचे कलाशिक्षण झाले. पुढे त्यांनी हाती धरला तो कोळसाच. पुष्कळदा ते प्रदर्शनाच्या भिंतीवरच चित्र काढतात. त्यांच्या कामगाराच्या धडावर कधी डोक्याच्या जागी अवजार असते. २०१२ साली मुंबईत भरलेल्या प्रदर्शनाला त्यांनी 'कोळसा खाणीतला कॅनरी' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले.

हा कॅनरी म्हणजे एक चिमुकला पक्षी. खाणीतल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. पक्ष्याचा श्वास जलद, म्हणून माणसाच्या आधी तो कोसळतो. ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत असे पक्षी खाणीत नेत असत. पिंजऱ्यातला जीव ही धोक्याची घंटा होती.

आपल्याकडे हे काम लाकडी टेकू करी. छताचा भार वाढला की लाकूड मोडण्यापूर्वी करकरते. मुलचेऱ्याच्या रानात वावरणाऱ्यांना तो आवाज समजावून सांगायला नको. जुना खाणकामगार पहारीने छत ठोकून बघतो. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर मागे सरायचे. खाली उतरण्यापूर्वी तो खाणीच्या तोंडाशी हात लावून कपाळाला नेतो. पूर्वी मी या नमस्काराला भाबडेपणा समजत असे. आता वाटते, आपण कोणाच्या पोटात शिरतो आहोत याचे ते भान आहे. मात्र नमस्काराने छत थांबत नाही. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसले आणि सरकारी आकड्याप्रमाणे ३७५ माणसे गेली. त्यांतही भाविक असतीलच.

एका खाणीत ठेकेदाराचा एक तरुण मजूर मला म्हणाला, "दादा, छत बद्द वाजते हे मला कळते. पण बोललो तर उद्या हजेरीत नाव राहत नाही." टेकू करकरू शकतो, पण माणसाला बोलता येत नाही. आपत्तीची पूर्वतयारी म्हणजे केवळ टोप्या आणि फलक नव्हेत. धोका प्रथम ज्याला कळतो, त्याला निर्भयपणे बोलता आले पाहिजे.

२०२१ साली वेल्समधील कार्डिफ येथे 'आर्टेस मुंडी' हे पारितोषिक सहा कलावंतांना मिळून देण्यात आले. पाचपुते त्यांपैकी एक. वेल्स हाही कोळसा खाणींचाच मुलूख. तिथल्या लोकांना सास्तीची चित्रे परकी वाटली नसावीत. आपल्यालाही वाटू नयेत. ती पाहून निदान एवढे विचारावे, की आपल्या कामावर आज पक्षी कोण आहे, आणि त्याचे कोणी ऐकते आहे काय?