दृष्टी गेलेल्या बदकाची जोपासना

मुंबईच्या उपनगरांत जेथे घरामागे थोडेबहुत अंगण उरले आहे, तेथे हौसेने एखाददुसरे बदक पाळले जाते. असे बदक आंधळे झाले की, ते खाटकास द्यावे किंवा पवईच्या तलावात सोडून यावे, असे दोनच विचार घरात निघतात. दुसरा विचार दयेचा वाटतो, पण तसा तो नाही. पवईत मगरी आहेत. शिवाय उघड्या पाण्यात आंधळ्या पक्ष्यास अन्न सापडत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

वास्तविक बदक हे केवळ डोळ्यांवर जगणारे पाखरू नव्हे. गढूळ पाण्यात व चिखलात ते चोचीच्या स्पर्शाने भक्ष्य ओळखते. त्याच्या चोचीत स्पर्श जाणणारी सूक्ष्म इंद्रिये दाटीने असतात. त्यामुळे खाद्याचे भांडे कोठे आहे एवढे कळले, की आंधळे बदकही पोटभर खाते. म्हणून पाळणाऱ्याने मुख्यतः एकच गोष्ट सांभाळावयाची, ती म्हणजे त्याची जागा बदलू न देणे. खाद्याचे व पाण्याचे भांडे जड असावे, परस्परांजवळ असावे आणि रोज त्याच कोपऱ्यात असावे. अंगणात बादली, विटा, सायकल आज येथे तर उद्या तेथे ठेवू नये. जवळ जाताना आधी हाक द्यावी किंवा भांडे वाजवावे. अचानक उचलल्यास पक्षी फार भितो. सोबतीस एक शांत मादी ठेवावी. दांडगा नर मात्र वेगळा ठेवावा, कारण आंधळ्या मादीस त्याच्यापासून पळता येत नाही.

दृष्टी खरोखर गेली आहे काय, हे पाहण्यासाठी कापसाचा पुंजका डोळ्यासमोरून आवाज न करता खाली सोडावा. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने प्रत्येक डोळा निराळा तपासावा लागतो. एकच डोळा गेला असेल, तर चांगल्या बाजूने जवळ जावे.

पुष्कळदा दोष आपल्या व्यवस्थेत असतो. नुसता भात व पाव घातल्याने ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते, पापण्या चिकटतात व आत दह्यासारखा घट्ट मळ साचतो. पिवळा मका, पालक, शेवग्याचा कोवळा पाला यांनी ही उणीव टळते. पावसाळ्यात ओल्या आंथरणातून सुटणारा अमोनियाही डोळे पोळतो. नाकाला झोंबेपर्यंत थांबू नये, आधीच आंथरण बदलावे. डोळे धुण्यास बदकाला संपूर्ण डोके बुडेल इतके खोल पाणी हवे. आंधळ्यास ते पसरट घमेल्यात, आपल्या देखत द्यावे, आणि आत-बाहेर होण्यास वीट ठेवावी. चिकटलेला डोळा अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून हलकेच पुसावा. घरातील माणसांचे डोळ्यांचे औषध मात्र वापरू नये. बुबुळावर जखम असल्यास त्यातील काही औषधे डोळाच घालवतात. पशुवैद्यास लवकर दाखवावे. परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे.

आंधळे बदक अंधाऱ्या खोलीत कोंडण्याची चूक अनेकजण करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बन्वा यांनी १९३० नंतरच्या दशकात असे दाखविले, की डोळे नसलेल्या नर-बदकांच्या जननग्रंथीही प्रकाशाने वाढतात. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूस पोहोचतो. तेव्हा त्यास दिवसाचा उजेड मिळालाच पाहिजे.

सांडलेले ओले खाद्य संध्याकाळी झाडून काढावे. चोचीला लागेल ते आंधळे बदक खाते, आणि बुरशीच्या विषास बदकाइतका नाजूक पक्षी क्वचितच असेल. मग मोजून आत घ्यावे व बारीक जाळीचे दार लावावे. घूस व मुंगूस सर्वत्र आहेत. बोरिवलीस राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्यांनी बिबट्याचा विचार करून पक्क्या भिंतीचीच खुराडी बांधावी.