लेखांक ९ : तटाच्या आत दिशा हरवते तेव्हा

सिंधुदुर्ग किल्ल्याचे त्रिमितीय मॉडेल ब्लेंडरमध्ये करायला घेतले की सुरुवात मजेत जाते. कुरटे बेटाची कड आखायची, तिच्यावर तट उभा करायचा, बुरूज वळवायचे. मग आपण आत शिरतो आणि फसतो. चहूकडे सारखाच तट, वर-खाली सारखीच राखाडी पोकळी. माऊस जरा फिरवला की भिंतीतून आरपार समुद्रावर, नाहीतर बेटाच्या पोटात. मालवण कुठल्या हाताला राहिले, तेच कळेनासे होते.

यात शिकणाऱ्याचा दोष नाही. खऱ्या किल्ल्यात ऊन असते, गाज असते, पायाला चढ-उतार जाणवतो. पडद्यावर यातले काहीच नाही. शिवाय १६६४मध्ये पायाभरणी झालेला हा किल्ला मुळात चकवण्यासाठीच रचलेला. त्याचे महाद्वार तटाच्या वळणात असे दडवले आहे, की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मॉडेलमध्येही ते शोधावेच लागते.

म्हणून तटाचा पहिला दगड बसवण्याआधी दिशा ठरवा, असा माझा आग्रह आहे. ब्लेंडरमध्ये लाल रेघ एक्स अक्षाची, हिरवी वायची आणि निळी झेडची. झेड म्हणजे वर. वायला उत्तर माना. आता न्यूमपॅडवरचा ३ दाबला की तुम्ही पूर्वेकडून, म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरून पाहता. कंट्रोल आणि ३ दाबले की भर अरबी समुद्रातून. १ दक्षिणेकडून, ७ थेट आकाशातून. ‘फ्रंट’ आणि ‘राइट’ ही कोरी नावे होती, त्यांना आता गाव आणि दर्या मिळाला. ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यात दिसणारा व्ह्यूक्यूब हेच काम करतो: प्रत्येक बाजूवर नाव, आणि खाली होकायंत्राचे कडे. फ्रीकॅडमध्येही असा ठोकळा आहे.

तरीही दृश्य निसटते, आणि त्याचे खरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दृश्य नेहमी एका बिंदूभोवती फिरते. तो बिंदू तुम्ही पाहत असलेल्या बुरुजावर नसून दूर पोकळीत असला, तर माऊसच्या एवढ्याशा हालचालीने सारा किल्ला गरकन निघून जातो. बुरूज निवडा आणि न्यूमपॅडवरचे टिंब दाबा: तो समोर येतो आणि फिरण्याचा बिंदूही तिथेच बसतो. प्रेफरन्सेसमध्ये ‘ऑर्बिट अराउंड सिलेक्शन’ चालू करून ठेवलेत तर निवडलेली वस्तू हाच कायम मध्य राहतो. ‘टर्नटेबल’ पद्धत मात्र बदलू नका. तिच्यामुळे क्षितिज तिरपे होत नाही.

खुणाही लवकर उभ्या करा. शिवराजेश्वर मंदिरासाठी एक ठोकळा. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींच्या जागी तीन वेगळ्या रंगांचे दंडगोल. महाद्वारापाशी माणसाच्या उंचीची एक आकृती. बारीक नक्षी नंतर करता येते, खुणा मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात.

एक अडचण मोठ्या मॉडेललाच येते. या किल्ल्याचा तट सुमारे तीन किलोमीटरचा. सगळा एका नजरेत यावा म्हणून मागे मागे गेलात, की पलीकडचे बुरूज अचानक गायब होतात. काही पुसले गेलेले नसते. ब्लेंडरचा पडदा मुळात १००० मीटरपर्यंतचेच दाखवतो. एन दाबून ‘व्ह्यू’मध्ये ‘एंड’चा आकडा ५००० करा.

पुढच्या आठवड्यात याच तटावर दगडाचा पोत चढवू.