ब्रिटिश विद्यापीठांतील परदेशी परिचर्या-विद्यार्थी : अभ्यासविषयक अपेक्षांचे स्वरूप

प्रस्तावना

ब्रिटनमधील परिचर्या-शिक्षण दीर्घकाळ रुग्णालयांशी संलग्न शाळांतून दिले जात असे. १९८६ मध्ये मांडल्या गेलेल्या 'प्रोजेक्ट २०००' या योजनेमुळे ते विद्यापीठांकडे येण्यास चालना मिळाली. सप्टेंबर २०१३ पासून इंग्लंडमध्ये नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी परिचारिका-नोंदणीकडे नेणारा अभ्यासक्रम किमान पदवी स्तराचा झाला. त्यामुळे तेथील विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन भूमिका पार पाडाव्या लागतात : विद्यापीठीय अभ्यासकाची आणि भावी परिचारिकेची. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा विषयज्ञानाची नसते. या दुहेरी भूमिकेतून निर्माण होणाऱ्या, पण क्वचितच स्पष्टपणे सांगितल्या जाणाऱ्या अपेक्षांची ती असते. या अपेक्षांचे स्वरूप व त्यांमागील कारणे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासाचा काळ आणि स्वाध्ययन

तीन वर्षांच्या सन्मान पदवीसाठी इंग्लंडमध्ये ३६० श्रेयांक असतात व एक श्रेयांक म्हणजे सुमारे १० तासांचा अभ्यास असे गृहीत धरले जाते. म्हणजेच २० श्रेयांकांच्या घटकासाठी २०० तास अपेक्षित असतात. पण त्यांपैकी व्याख्यानांचा वाटा मर्यादित असतो. उरलेला काळ वाचन, ग्रंथालयीन शोध आणि लेखन यांसाठी असतो. शिक्षक टिपणे पुरवीत नाही, वाचनाची दिशा दाखवतो. नोंदणीपूर्व अभ्यासक्रमासाठी एकूण ४,६०० तासांची अट असून त्यांत सिद्धान्त व प्रत्यक्ष सेवा यांचे प्रमाण समसमान असते. आठवड्याला ३७.५ तास धरल्यास वर्षाला सुमारे ४१ आठवडे होतात. रात्रपाळी व सुट्टीच्या दिवसांची पाळीही यात येते. साहजिकच वेळेचे नियोजन हेही येथे एक शैक्षणिक कौशल्य ठरते.

चिकित्सक दृष्टी

पहिल्या वर्षी वर्णन व स्पष्टीकरण पुरेसे मानले जाते. तिसऱ्या वर्षापर्यंत पुराव्याचे मूल्यमापन करून निष्कर्ष काढणे अपेक्षित असते. 'चिकित्सक' याचा अर्थ दोष काढणे असा नव्हे. एक उदाहरण पाहता येईल. शय्याव्रण टाळण्यासाठी रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हे विधान पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. ते अचूक उतरवणारा विद्यार्थी येथे उत्तीर्ण होईलच असे नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत धोका असलेल्या प्रौढांसाठी किमान दर सहा तासांनी, तर अधिक धोका असलेल्यांसाठी किमान दर चार तासांनी स्थितिबदल सुचवला आहे. हे अंतर का पडते, पुरावा किती भक्कम आहे, प्रस्तुत रुग्णाला काय लागू पडते, हे प्रश्न उपस्थित करणे म्हणजे चिकित्सक लेखन होय.

चिंतनपर लेखन

अनेक भारतीय विद्यार्थ्यांना हा लेखनप्रकार सर्वस्वी नवा वाटतो. सेवाकाळातील एखाद्या प्रसंगाचे वर्णन, त्या वेळच्या भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृतियोजना असे सहा टप्पे ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडले. हे लेखन प्रथमपुरुषी असते आणि त्यात स्वतःच्या उणिवा नोंदवणे कमीपणाचे मानले जात नाही. उलट उणिवांचा उल्लेखच नसेल तर चिंतन अपुरे ठरते. मात्र रुग्णाचे किंवा रुग्णालयाचे नाव उघड होणे हा गोपनीयतेचा भंग समजला जातो.

शैक्षणिक प्रामाणिकता

ग्रंथातील मजकूर जसाच्या तसा उतरवणे ही अनेक परीक्षापद्धतींत स्मरणशक्तीची व गुरुजनांविषयीच्या आदराची खूण मानली गेली. ब्रिटिश विद्यापीठात तेच कृत्य, संदर्भ न दिल्यास, वाङ्मयचौर्य ठरते. केवळ शब्द बदलणेही पुरेसे नसते. कल्पना कोणाची हे नोंदवावे लागते. परिचर्येत याचे परिणाम अधिक गंभीर असतात. नोंदणीच्या वेळी विद्यार्थ्याच्या सचोटीबद्दल विद्यापीठाला 'नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल'कडे ग्वाही द्यावी लागते. निबंधात अप्रामाणिक राहणारी व्यक्ती रुग्णाच्या नोंदी प्रामाणिकपणे ठेवील काय, अशी शंका घेतली जाते आणि प्रकरण व्यवसायपात्रतेच्या चौकशीपर्यंत जाऊ शकते.

मूल्यमापन

पदवीसाठी उत्तीर्णतेची मर्यादा सामान्यतः ४० टक्के, तर प्रथम वर्गाची ७० टक्के असते. ६५ गुण म्हणजे अपयश नव्हे, चांगले यश होय. ही गोष्ट ठाऊक नसल्यास विद्यार्थी अकारण खचतो. याउलट औषधमात्रेच्या गणिताच्या चाचणीत अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत १०० टक्के गुण अनिवार्य आहेत. निबंधात मतभेदाला वाव आहे, मात्रेत नाही. प्रत्यक्ष सेवेतील अनुत्तीर्णता लेखी गुणांनी भरून निघत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. भारतात पदवी घेऊन ब्रिटनमध्ये एमएस्सी करणाऱ्यांना सर्वच अभ्यासक्रमांतून तेथील नोंदणी मिळत नाही. ज्यांचा अभ्यासक्रम नोंदणीपूर्व म्हणून मान्यताप्राप्त नसतो, त्यांना कौन्सिलची संगणकाधारित व प्रात्यक्षिक अशी स्वतंत्र क्षमता-चाचणी द्यावी लागते. प्रवेशापूर्वीच याची खातरजमा न केल्यास खर्च व वर्षे दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

समारोप

वरवर पाहता या अपेक्षा केवळ विद्यापीठीय शिस्तीच्या वाटतात. परंतु त्यांचे मूळ रुग्णसेवेत आहे. पुरावा तपासणे, स्वतःची चूक ओळखणे, माहितीचा स्रोत नोंदवणे आणि गोपनीयता पाळणे ही रुग्णशय्येजवळचीच कर्तव्ये आहेत. महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. प्रत्येक सत्रात संदर्भांसह लिहिलेला एक लघुनिबंध आणि सेवाकाळातील एका प्रसंगावरील चिंतन, एवढा सराव जरी शिक्षकांनी करून घेतला, तरी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याची वाट सुकर होईल. आणि येथेच राहणाऱ्या परिचारिकेच्या सेवेचाही दर्जा उंचावेल.